दिवसभर वावरात असूनही पोट का सुटतं, आणि त्यावर घरच्या घरी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी, वय ४६, उंची १६५ सेंमी, वजन ७६ किलो, कंबर ९८ सेंमी. उपाशीपोटी साखर ११२, बीपी १३६/८८, गोळी कुठलीच नाही. कोरडवाहू शेती, कापूस-तूर-सोयाबीन. पत्नी ४३ वर्षांच्या, गुडघे दुखतात, थकवा जात नाही. विचारलंय ते हे: दिवसभर वावरात राबतो तरी वेगळा व्यायाम कशाला, भात बंद करावा का, गुळाचा चहा चालतो का, आणि गावात जिम नाही तर करायचं काय.

भाऊ, आधी तुमचे आकडे. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी आणि बाईची ८० च्या आत. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायचा, श्वास सोडून. पँटच्या मापावर जाऊ नका. पट्टा पोटाखाली बांधला की माप वर्षानुवर्षं तेवढंच राहतं आणि पोट मात्र वाढत जातं. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि १२६ किंवा जास्त दोनदा आली की मधुमेह. तुम्ही मधल्या पायरीवर आहात. इथून मागे येता येतं. याच पायरीवरच्या भारतीयांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त आहार आणि चालणं सुधारून तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं होतं. तुमच्यासाठी लक्ष्य साधं ठेवा: सहा महिन्यांत ७६ वरून ७१ किलो, कंबर निदान ९३. त्याहून घाई नको.

आता वावरातल्या कामाबद्दल. तुम्ही राबता हे खरंच आहे, पण ते काम वर्षभर सारखं नसतं. जूनपासून डवरणी (पिकाच्या ओळींत औत चालवून तण काढणं), निंदण, खत, फवारणी, मग सोयाबीनची कापणी, वेचणी. उलंगवाडी झाली (कापसाची शेवटची वेचणी संपली), पराटी (कपाशीची झाडं) उपटली की फेब्रुवारी ते मे अंगमेहनत एकदम खाली येते, आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. भूक मात्र डवरणीच्या दिवसांचीच राहते. शिवाय पेरणी-वखरणी ट्रॅक्टरनं, तणाला तणनाशक, वावरात जाणं गाडीवर. वडिलांच्या ताटातल्या भाकरी तशाच राहिल्या आणि त्या जिरवणारं काम अर्ध्यावर आलं.

दुसरी गोष्ट कामाच्या जातीची. निंदण, वेचणी, फवारणी यांत पाठ सतत पुढे वाकलेली, ओझं एका बाजूला, आणि चालणं थांबत थांबत. दमायला होतं, पण सलग वीस-तीस मिनिटं हृदयाचे ठोके वाढलेले राहतील असं काही त्यात नसतं, आणि मांड्या, नितंब, पाठीच्या वरच्या भागाला पुरेसा ताण मिळत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतात. जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच. ते कमी झाले की तीच भाकर रक्तात जास्त वेळ रेंगाळते आणि पोटावर चरबी होऊन बसते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, वेगळा व्यायाम लागतो, रोज अर्ध्या तासाच्या आसपास. पण सुरुवात ताटापासून करा, कारण ते व्यायामाहून लवकर बदलतं.

आपल्याकडचं नेहमीचं ताट पाहा. चार-पाच पोळ्या किंवा दोन मोठ्या भाकरी, वर भाताचा डोंगर, तेलावर तरंगणारी भाजी, आणि वरण इतकं पातळ की वाटीचा तळ दिसतो. पोट भरतं, पण प्रथिनं नीट मिळत नाहीत. तुम्हाला दिवसाला ६५ ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. तूरडाळ, हरभरा, बरबटी (चवळी), मटकी यांत १०० ग्रॅम कोरड्या मालाला साधारण २० ते २२ ग्रॅम, फल्लीदाण्यात (शेंगदाण्यात) २५ च्या आसपास, ज्वारीत १०, तांदळात ७-८. अंड्यात ६ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे प्रथिनं फक्त ३ ग्रॅम. तूर स्वतःच्या वावरात पिकते आणि घरात डाळ पाण्यात हरवते, हे मला खटकतं. माणशी एका वेळेला ४० ग्रॅम डाळ हे माप धरा. घरचा काटा असेल तर एकदा मोजून एका वाटीवर खूण करून ठेवा, पुन्हा मोजायची गरज नाही.

तुमच्यासाठी एक दिवस असा बसतो. सकाळी रात्रभर भिजवलेले ४० ग्रॅम हरभरे, शिजवून, कांदा, सांभार (कोथिंबीर), लिंबू घालून, सोबत एक पेला (२०० मिली) दूध, बिनसाखरेचं. अंडी चालत असतील तर हरभऱ्याऐवजी दोन उकडलेली. डब्यात प्रत्येकी ७० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, ४० ग्रॅम मटकी किंवा बरबटीची उसळ, एक भाजी, वाटीभर दही. चार वाजता मूठभर फुटाणे आणि तेवढेच भाजलेले फल्लीदाणे. दोन्ही मिळून ४० ग्रॅम, त्याहून जास्त नाही, कारण फल्ली पौष्टिक तितकीच जड. रात्री ५० ग्रॅम बेसनाचा झुणका किंवा घट्ट वरण, एक भाकर, मोठी वाटीभर पालेभाजी आणि ५० ग्रॅम तांदळाचा भात. एवढ्यात ७० ग्रॅम प्रथिनं होतात आणि उष्मांक साधारण २००० च्या आसपास. डवरणी-वेचणीच्या खऱ्या कष्टाच्या दिवशी एक भाकर वाढवा, आणि काम संपलं की ती लगेच कमी करा. वजन वाढतं ते इथंच: वाढवलेली भाकर ताटात कायमची राहते.

भात बंद करायची गरज नाही. शिजलेला दीड वाटी भात पुरे, आणि तो शेवटी घ्या. आधी भाजी, काकडी-मुळा-भेदरं (टोमॅटो) आणि डाळ, मग भाकर, मग भात, या क्रमानं जेवलं की जेवणानंतरची साखर कमी चढते. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या धानपट्ट्यातल्या वाचकांनीही भात सोडायच्या मागे लागू नये. तांदूळ मोजून घ्यावा आणि त्याच्या बरोबरीनं डाळ वाढवावी. तिकडे लाखोळी डाळही खातात. ती कधीमधी, इतर डाळीत मिसळून ठीक, पण रोजचं मुख्य अन्न म्हणून नको. तिच्यातल्या विषारी घटकामुळे ती महिनोन् महिने भरपूर खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की तो घटक कमी होतो, संपत नाही.

ज्वारी की पोळी, यावर गावोगाव वाद असतो. ज्वारी चांगली, पोट टिकतं. पण १०० ग्रॅम ज्वारी आणि १०० ग्रॅम गव्हाचे उष्मांक जवळजवळ सारखेच. पोळ्या सोडून तीन जाड भाकरी खाल्ल्या तर साखर हलणार नाही. पीठ दळताना ज्वारीत उडीद किंवा हरभरा मिसळायचा असेल तर पाच किलोला एक किलो. भाकर थापायला थोडी जड जाते, गरम पाण्यानं भिजवली तर फुटत नाही.

डाळ एकदम दुप्पट केली की गॅस होतो, पोट फुगतं, आणि आठवड्यात माणूस जुन्या ताटावर येतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी टाका, नवीन पाण्यात पूर्ण मऊ शिजवा, ओवा-हिंग-आलं घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र प्रथिनं स्वतःहून वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. पन्नाशीजवळ आलेल्या प्रत्येकानं ही तपासणी एकदा करून घ्यावी.

तेल आणि मीठ यांचं माप महिन्यावरून काढा, रोजचे चमचे कोणी मोजत नाही. माणशी दिवसाला २० ग्रॅम तेल म्हणजे महिन्याला साधारण ६५० मिली. चौघांच्या घरात अडीच-पावणेतीन लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर दुप्पट जातंय. वैदर्भीय रश्शाला तर्री हवी असते हे मान्य, पण चव मसाल्याची असते. खोबरं, खसखस, धणे, कांदा कोरडेच भाजून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटा, चौघांच्या भाजीला तीन छोटे चमचे तेल पुरतं, आणि रस्सा मसाल्यानंच दाट होतो. झुणक्यात मात्र फसगत होते: बेसन तेल पितं, करपू नये म्हणून वरून ओतलं जातं. आधी बेसन कोरडं भाजून ठेवलं आणि फोडणीत पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं तर निम्म्या तेलात मोकळा होतो. तेलात फल्ली, करडी आलटून पालटून वापरा, आणि जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा. जवस भाजून कुटूनच खायचा. अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर बीपी का वाढतंय ते शोधायला लांब जायला नको. लोणचं, पापड, सांडगे, वरून घेतलेलं मीठ हे पहिल्यांदा कमी करा. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणीच खारं असतं, तिथं पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचं गोडं पाणी वापरता येत असेल तर तेच वापरावं.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट सांगतो: गूळ आणि साखर यांत तुमच्या साखरेच्या दृष्टीनं फरक नाही. सहा कप घेत असाल, प्रत्येकात दोन चमचे, तर दिवसाला ६० ग्रॅम आणि २४० उष्मांक. तीन कपांवर या, प्रत्येकात अर्धा चमचा. एकदम सोडलं तर जमत नाही, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा, नाहीतर भाजी-डाळीतलं लोह अंगी लागत नाही. वहिनींच्या थकव्याशी याचा संबंध असू शकतो.

चातुर्मासात उपवास वाढतात. साबुदाण्याची उसळ आणि आलूचा चिवडा हा निव्वळ पिष्टाचा आणि तेलाचा मारा आहे, उपवासाच्या दिवशी साखर उलट जास्त चढते. भगर ५० ग्रॅम, दाण्याची आमटी आणि दही घ्या.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर तो सोडणं या सगळ्याच्या आधी. तंबाखूनं नाडी आणि बीपी प्रत्येक वेळी वर जातं, आणि सुपारीमुळे तोंड हळूहळू कमी उघडू लागतं, तिखट झोंबतं. मग काकडी, भाकर, कडधान्य चावणंच होत नाही आणि माणूस मऊ भात-पोह्यांवर राहतो. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर लगेच दाखवा.

आता व्यायाम. दोन भाग: चालणं आणि ताकद.

चालणं आठवड्यात पाच दिवस. पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवत ३० ते ३५ मिनिटांवर. वेग महत्त्वाचा. किलोमीटरला ११-१२ मिनिटं लागावीत; सडकेवरच्या दगडांवरून मोजता येतं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. जनावरांमागे चालणं किंवा धुऱ्यावरची फेरी यात धरू नका. याशिवाय रात्री जेवल्यावर दहा मिनिटं अंगणात सावकाश फिरा, तेवढ्यानंही जेवणानंतरची साखर खाली येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा पहाटे पाच ते सहाच्या आतच उरका. अंधारात सडकेच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला, अंगात पांढरा सदरा असू द्या, पावसाळ्यात हातात बॅटरी. पायात नाडीचा बूट हवा. प्लास्टिकच्या चपलेनं भरभर चाललं की टाच आणि पोटरी धरते, आणि लोक गुडघा खराब झाला समजून चालणं सोडतात.

ताकदीचा व्यायाम आठवड्यात तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, २५ मिनिटं.

पहिला, खुर्चीवरून किंवा ओट्यावरून उठबस. बाज नको, तिची दोरी खोल जाते. हात छातीवर, तीन मोजत खाली, बूड टेकलं न टेकलं की वर. गुडघे आत कोसळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवा. दहा-दहाचे दोन फेरे. दुसरा, ओट्याच्या काठावर हात टेकून जोर, डोक्यापासून टाचेपर्यंत शरीर सरळ, आठ ते दहा. तिसरा, सतरंजीवर उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलणं, वर पाच मोजेपर्यंत थांबणं, बारा वेळा. चौथा, भिंतीला हात लावून चवड्यांवर उभं राहणं, पंधरा वेळा. पाचवा, एक हात बाजेवर टेकून दुसऱ्या हातानं ५ किलो धान्याची पिशवी कोपर मागे नेत कमरेपर्यंत ओढणं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. सहावा, दोन्ही हातांत सारख्या वजनाचे पाण्याचे डबे घेऊन ताठ चालणं, सुरुवातीला पाच-पाच लिटर, चाळीस पावलं, तीनदा. या शेवटच्याचा उपयोग थेट तुमच्या कामाला होतो, पोती आणि ओझी उचलताना कंबर सांभाळली जाते.

एका फेऱ्यातले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज पंधरा होऊ लागले की तिसरा फेरा घ्या, मग वजन वाढवा. उचलताना तोंडानं श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी क्षणात खूप वर जातं. सगळ्यात जास्त बिघडतं ते पहिल्या दिवशी: जुना कबड्डीचा जोश आठवून शंभर बैठका मारल्या जातात, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून सगळं बंद. मांड्या थोड्या दुखणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ किंवा सूज आली तर तो व्यायाम थांबवा.

पाय पसरून बोटं धरणं हे आपल्याकडे फार आवडीचं, पण ज्याची पाठ दिवसभर पुढे वाकलेली आहे त्याला त्याहून जास्त उलट ताण हवा. पालथं झोपून हातांवर छाती हळूच उचला, दहा श्वास थांबा, रोज दोनदा. वावरातून आल्यावर हे आधी करा, मग चहा. फवारणी पंपाचे पट्टे आवळून पंप पाठीला चिकटवा. १६ लिटरचा भरलेला पंप लोंबत राहिला की सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. फवारणीच्या दिवशी आंघोळ, जेवण आणि आराम, बाकी काही नको. लाईट रात्रीची असेल आणि ओलितासाठी जागरण झालं तर दुसऱ्या दिवशी ताकदीचा व्यायाम सोडा आणि दुपारी दीड तास झोपा. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते आणि साखरही.

वहिनींचं वेगळं आहे. थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर जेवायची रीत असेल तर त्यांच्या वाटच्या उसळीची वाटी आधीच बाजूला काढून ठेवा. त्यांना ५० ते ५५ ग्रॅम प्रथिनं, रोज दोन पेले दूध किंवा तेवढं दही, तीळ, शेवग्याचा पाला हवाच, कारण पाळी जायच्या वयात हाडं झपाट्यानं झिजू लागतात. गुडघ्यासाठी खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी आवळून दहा मोजायचे, प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवडाभरात नाही, सहा ते आठ आठवड्यांत फरक पडतो. निंदताना उकिडवं बसण्याऐवजी बुटका पाट न्यावा आणि अर्ध्या तासानं उभं राहावं. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं तर एक दिवसही न थांबता दाखवा. आणि एक स्थानिक गोष्ट: यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मान-पाठ ताठ होणं, सांधे जखडणं हे गावात अनेकांना असेल तर पाणी तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिऊ नये. व्यायामानं हे दुखणं जात नाही.

चालताना छातीत दाबल्यासारखं होणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, थोड्या श्रमातही धाप, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. साखरेची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी कष्टाच्या आणि उपवासाच्या दिवशी जास्त जपावं. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, आणि गोळीचं माप डॉक्टरांकडून बदलून घ्यावं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यापूर्वी तीही दाखवावी.

बीपी आणि साखरेची तपासणी तिशीपुढच्या सगळ्यांसाठी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. तुम्ही तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर, बीपी आणि कंबर पुन्हा मोजा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी करणार असाल तर घरात कोणाला सिकलसेल असल्यास किंवा रक्त फार कमी असल्यास तसं लॅबमध्ये सांगा, त्यात ती चाचणी चुकीचा आकडा देऊ शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर यावरच विसंबा. वजन दर रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर. महिन्याला एक किलो उतरत असेल तर ताट बरोबर आहे. वजन तेवढंच राहून कंबर कमी होत असेल तरी बरोबरच आहे, चरबी जाऊन स्नायू येत आहेत. दोन्ही हललं नाही तर आधी तेलाचा डबा आणि चहाची साखर मोजा, बहुतेक वेळा गळती तिथंच सापडते.